लेखनाचा नेम आणि घरातील कामे : वही बरी की फोन?

रोज ३०० शब्द लिहिण्याचा नेम आणि घरातील कामे यांची नोंद वहीत ठेवावी की फोनवरील गूगल कीपसारख्या ॲपमध्ये, असा प्रश्न एका मैत्रिणीने विचारला आहे. मी दोन्ही मार्ग वापरले आहेत.

खर्चाचा मुद्दा लहान आहे. साधी वही स्वस्त मिळते आणि ॲप विनामूल्य आहे. टिकाऊपणात ॲप सरस ठरते, कारण वही भिजली किंवा हरवली तर तिची दुसरी प्रत नसते, तर ॲपमधील नोंदी फोन बदलला तरी खात्यात राहतात.

खरा फरक श्रमांत आणि एकाग्रतेत आहे. वीजबिलाची मुदत, गॅस सिलिंडरची नोंदणी ही तारखेला बांधलेली कामे असून वही त्यांची आठवण स्वतःहून देत नाही. ॲपमध्ये आठवण लावून ठेवली की ती वेळेवर मिळते, शिवाय किराण्याची यादी घरातील सर्वांसोबत शेअर करता येत असल्याने हळद दोनदा आणली जात नाही. लेखनाचे मात्र उलट आहे. शब्दसंख्या नोंदवायला फोन हाती घेतला की संदेश समोर येतात आणि लेखनाची सकाळ निसटते, हे मी अनेकदा अनुभवले आहे. वहीत तारखेपुढे आकडा लिहिला की महिन्याची वाटचाल एका पानावर दिसते, आणि रिकामी राहिलेली ओळ मनाला खरोखर टोचते.

घरातील कामे अनेकांत वाटलेली असतील तर त्यांच्यासाठी ॲप घ्यावे. लेखनाचा नेम टिकवायचा असेल तर वहीच ठेवावी. एकट्या राहणाऱ्या आणि मोजकी कामे असणाऱ्या व्यक्तीला वही आणि भिंतीवरचे कॅलेंडर पुरेसे आहे.