सॉफ्ट साइन्स तपासायच्यात: एनईएस घ्यावी की केंब्रिज?

स्किझोफ्रेनियातल्या सॉफ्ट साइन्सवर (हालचाली आणि संवेदनांतल्या, मेंदूच्या एका ठरावीक जागेकडे बोट न दाखवणाऱ्या बारीक दोषांवर) एमडीचा प्रबंध करायचं ठरलं की प्रश्न येतो तो स्केलचा, म्हणजे गुण देऊन तपासायच्या यादीचा. बहुतेकांची निवड दोनांत अडकते: बुकॅनन आणि हाइन्रिक्स यांची १९८९ची न्यूरॉलॉजिकल इव्हॅल्युएशन स्केल, म्हणजे एनईएस, नाहीतर चेन आणि सहकाऱ्यांची १९९५ची केंब्रिज न्यूरॉलॉजिकल इन्व्हेंटरी. मी दोन्ही वापरल्यात.

एनईएस चांगलीच आहे. बाबी २६. आजवरच्या अभ्यासांत ती भरपूर वापरली गेलीय, त्यामुळे आपले आकडे इतरांशी ताडून बघता येतात. कशाला किती गुण द्यायचे हे लिहून दिलेलं असल्याने नवा रेसिडेंटही लवकर तयार होतो. एकूण गुणांवर दोन परीक्षकांचं सहसा जुळतं.

खटका उडतो तो एकेका बाबीवर. मला सगळ्यात जास्त छळलं ते अंगठ्याला बोटं लावण्याच्या चाचणीने. पेशंट हॅलोपेरिडॉलवर किंवा रिस्पेरिडोनवर, म्हणजे अंग ताठरवू शकणाऱ्या अँटिसायकोटिक औषधावर. तर्जनी आणि मधलं बोट नीट लागतं, अनामिकेशी हात रेंगाळतो, करंगळीपर्यंत लय सुटते. मी १, म्हणजे थोडा दोष, मांडतो. सहकारी म्हणतो, "मनगट हलवून बघ ना, कॉगव्हील लागतंय, दातेरी चाकासारखं अडकत अडकत हलतंय. हे औषधाचं, आजारात कशाला धरतोस?" आणि तो ० देतो. दोघांनी एकाच वेळी, एकाच पेशंटचा हात बघितलेला असतो! कोण बरोबर ते एनईएसच्या कागदावरून ठरत नाही, कारण ताठरपणा लिहायला तिथे वेगळी ओळच नाही.

केंब्रिजमध्ये ती आहे. सॉफ्ट साइन्स एका गटात. ताठरपणा, डिस्कायनेशिया (आपोआप होणाऱ्या हालचाली), कॅटॅटोनियाची (थिजल्यासारखं होणं, एकाच ढबीत राहणं अशी) लक्षणं वेगळी. आजार आणि औषध यांची पूर्ण फारकत त्यानेही होत नाही, हे मान्य. पण मनगटातलं मनगटाच्या ओळीत लिहिलं की बोटांचे गुण देताना आमचं पटायला लागलं. यादी मोठी आहे आणि कॅटॅटोनिया ओळखायचा सराव लागतो, तेव्हा शिकायला वेळ ठेवा.

स्केल कोणतीही असो, ग्राफेस्थेसियाआधी (डोळे मिटून त्वचेवर लिहिलेला आकडा ओळखण्याच्या चाचणीआधी) पेशंट कोणते आकडे लिहितो ते विचारा. मराठी आठ आणि इंग्रजी आठ बोटाच्या टोकावर सारखे लागत नाहीत. शिवाय सक रिफ्लेक्ससारख्या (ओठांना स्पर्श केला की चोखल्यासारखी हालचाल होणं) क्वचित दिसणाऱ्या बाबीत जवळजवळ सगळ्यांना ० मिळतं, मग एका मतभेदानेही कॅपा (योगायोगाने जुळलेलं वगळून मोजलेली परीक्षकांची सहमती) कोसळतो. त्याच्या शेजारी सहमतीची टक्केवारीही द्या.

गाईडचा आग्रह एनईएसचाच असेल तर ती घ्यायला हरकत नाही, फक्त जोडीला सिम्पसन-अँगस, म्हणजे औषधांमुळे येणारा ताठरपणा वगैरे मोजणारी स्केल, लावा आणि ती एनईएसच्या आधी भरा. निवड तुमच्या हातात असेल तर मी केंब्रिजकडे झुकेन.