कचेरीत आठवारी किल्ट : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

स्कॉटलंडमधल्या एडिंबरात किल्ट, म्हणजे कमरेभोवती गुंडाळायचे गुडघ्यापर्यंतचे निऱ्यांचे स्कॉटिश वस्त्र, घातलेला पुरुष दिसणे यात नवल काही नाही. लग्नसमारंभ, मरेफील्डवरचा रग्बीचा सामना, कवी रॉबर्ट बर्न्स यांच्या स्मरणाची २५ जानेवारीची बर्न्स नाइट अशा प्रसंगी शहरभर किल्ट दिसतात. परंतु साध्या मंगळवारी सकाळी साडेआठच्या बसमध्ये, गळ्यात कचेरीचे ओळखपत्र अडकवलेला माणूस किल्टमध्ये उभा असेल, तर स्कॉटिश माणूसदेखील वळून पाहतो. मी येथील एका विमा कंपनीच्या हिशेब विभागात नोकरी करतो आणि गेले चौदा महिने आठवड्यातून दोन ते तीन दिवस किल्ट घालूनच कामावर जातो. रोजच्या नोकरीच्या दृष्टीने या वस्त्राचे परीक्षण मला कोठेच वाचायला मिळाले नाही. जे मिळाले ते सगळे नवरदेवासाठी लिहिलेले होते. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

माझा किल्ट आठ यार्डांचा, शुद्ध लोकरीचा आणि संपूर्ण हाताने शिवलेला आहे. आपल्या नऊवारीतला ‘वार’ म्हणजे यार्डच. त्या हिशेबाने याला आठवारी म्हणायला हरकत नसावी. दुप्पट पन्ह्याचे चार यार्ड कापड घेऊन ते लांबीत मधोमध फाडतात आणि दोन्ही पट्ट्या जोडून आठ यार्ड, म्हणजे सुमारे ७.३ मीटर, लांबी मिळवतात. पुढे दोन सपाट पदर एकावर एक येतात आणि उरलेले सगळे कापड मागे निऱ्यांमध्ये जाते. माझ्या किल्टला सत्तावीस निऱ्या आहेत. प्रत्येक निरी कमरेपाशी अरुंद आणि खाली नितंबांपाशी किंचित रुंद होत जाते, कारण शरीराचा आकारच तसा असतो. आणि हा उतार प्रत्येक निरीत थोडा थोडा वाटून घेणे, तरीही चौकडीच्या रेषा तुटू न देणे, हे या शिवणाचे खरे कसब आहे. निऱ्या कमरेपासून नितंबांपर्यंत बारीक टाक्यांनी पक्क्या केलेल्या असतात आणि तेथून खाली मोकळ्या सोडलेल्या असतात. किल्ट उलटा करून अस्तर थोडे उचलून पाहिले, तर वरच्या भागातले निऱ्यांचे आतले जादा कापड कापून टाकलेले दिसते, म्हणजे कमरेवर गाठोडे होत नाही, आणि त्या जागी सगळा भार पेलणारा कॅनव्हास बसवलेला असतो. स्वस्त किल्टमध्ये नेमके हेच काम गाळलेले असते. दुकानात खरेदी करताना दर्शनी बाजू न पाहता आधी आतली बाजू पाहावी, असे मी आवर्जून सांगेन.

हे शहाणपण मला पहिल्या खरेदीत नुकसान सोसून आले. एका दुकानाकडून मी घरबसल्या मागणी नोंदवून किल्ट मागवला होता. त्यांनी कमरेचे माप विचारले आणि मी माझ्या पॅन्टचे ३४ कळवले. किल्ट पॅन्टप्रमाणे कमरेच्या हाडांवर बसत नाही; तो त्याहून बराच वर, जवळजवळ बेंबीच्या रेषेत बांधतात, आणि तेथे माझे माप ३७ भरते. दुकानाने याबद्दल अवाक्षर काढले नाही. किल्ट आला तेव्हा पट्टे बकलांपर्यंत पोहोचत नव्हते, आणि वस्तू मागणीनुसार बनवलेली असल्यामुळे परत घेता येणार नाही, असे उत्तर मिळाले. ज्या धंद्यात मापावरच सगळे अवलंबून आहे, तेथे ग्राहकाला माप कोठे घ्यावे एवढेही न सांगणे मला अक्षम्य वाटते.

दुसऱ्या वेळी मी घरच्याच कार्यशाळेत किल्ट शिवणाऱ्या एका बाईंकडे गेलो. त्यांनी मला गुडघ्यांवर बसवून बेंबीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजले आणि त्यातून एक इंच वजा केला. एवढी काळजी कशासाठी, ते नंतर समजले. किल्टच्या खालच्या कडेला दुमड नसते. कापडाचा मूळ काठच तेथे येतो, आपल्या धोतराचा यावा तसा. त्यामुळे लांबी जास्त झाली तर खालून कापून काम भागत नाही, सगळे शिवण वरून उसवावे लागते. खालची कड गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या रेषेला लागली पाहिजे. दोन बोटे खाली आली तरी घागरा नेसल्यासारखे दिसते. कापड आणि शिलाई मिळून मला ६२० पौंड खर्च आला आणि दहा आठवडे थांबावे लागले. रक्कम मोठी आहे हे खरे. परंतु कचेरीच्या पॅन्ट दीड-दोन वर्षांत बसायच्या जागी विरतात, आणि या किल्टच्या एकाही टाक्याला अजून काही झालेले नाही.

टार्टन, म्हणजे किल्टच्या कापडाची चौकडी, निवडताना मी बराच काळ अडखळलो होतो. या चौकड्या कुळांच्या नावांनी ओळखल्या जातात. मग साताऱ्याच्या माणसाने कोणत्या कुळाचे टार्टन ल्यावे? बाईंनी ही शंका दूर केली. राजघराण्यासाठी राखून ठेवलेल्या बाल्मोरलसारखे अपवाद सोडले, तर कोणी कोणते टार्टन घालावे यावर कायद्याचे बंधन नाही, आणि ज्यांना कुळ नाही त्यांच्यासाठी सर्वांना चालणारी तसेच जिल्ह्यांच्या नावांची टार्टनही आहेत. २००९ पासून तर सरकारी टार्टन-नोंदवहीच आहे आणि तीत आजही नव्या चौकड्या नोंदवल्या जातात. मी ‘ब्लॅक वॉच’ घेतले. गडद हिरवा, गडद निळा आणि काळा एवढेच रंग त्यात आहेत. चार पावलांवरून पाहिले तर ते एकरंगी सुटाच्या कापडासारखे भासते, आणि कचेरीत तेच शोभते. लाल भडक रॉयल स्ट्यूअर्ट मला समारंभातच बरे वाटते.

वजनाबाबत मात्र माझी निवड थोडी चुकली. माझे कापड दर यार्डाला १६ औंसाचे आहे. दुप्पट पन्ह्याच्या चार यार्डांचे मिळून पावणेदोन किलोंच्या वर भरते, आणि कापलेला भाग वजा केला तरी कमरेवर चांगलेच वजन येते. हे वजन थंडीत वरदान आहे. बसथांब्यावर समुद्राकडून वारा सुटतो, शेजारच्यांचे कोट फडफडतात, पण मागच्या निऱ्या जागच्या हलत नाहीत. चालताना मात्र त्या एका लयीत डोलतात आणि ती हालचाल पाठीमागे जाणवत राहते. भुरभुर पाऊस लोकरीवर थेंबांच्या रूपात थांबतो आणि झटकला की निघून जातो. उन्हाळ्यात मात्र, आणि हिवाळ्यातही कचेरीतले हीटर जोरात चालू असताना, लोकरीच्या त्या थरांवर दिवसभर बसणे जड जाते. केवळ कचेरीसाठी घ्यायचा असेल तर १३ औंसाचे कापड घ्यावे, असे माझे आता स्पष्ट मत झाले आहे.

किल्ट घालून बसणे ही शिकण्याची गोष्ट आहे. पॅन्टची सवय असलेला माणूस धपकन बसतो आणि सगळ्या निऱ्या चुरगळून घेतो. बसण्यापूर्वी दोन्ही तळहात पाठीमागे नेऊन निऱ्या वरून खाली सपाट करत आणायच्या, त्या मांड्यांखाली नीट बसल्या की मग खुर्चीवर टेकायचे, आणि पुढचा पदर दोन मांड्यांमध्ये किंचित दाबून घ्यायचा. माझे आजोबा साताऱ्याच्या कचेरीत कारकून होते. निवृत्त होईपर्यंत धोतर, त्यावर कोट आणि काळी टोपी याच वेषात ते कामावर जात. खुर्चीत बसण्यापूर्वी ते धोतराचा सोगा ज्या सहजतेने उचलून घेत, ती सहजता माझ्या हाताला यायला तीन आठवडे लागले. हल्लीच्या जाळीदार पाठीच्या, हात असलेल्या खुर्च्या किल्टला अनुकूल नाहीत. उजव्या कुशीवरचे बक्कल खुर्चीच्या हाताला अडकते, आणि खडबडीत जाळीने लोकर घासली जाते. मी हात नसलेली खुर्ची मागून घेतली आणि तो प्रश्न मिटला.

किल्टला खिसे नसतात. त्यांचे काम पुढे लटकणारी स्पोरन करते. गेलिक भाषेत या शब्दाचा अर्थच पैशाची पिशवी असा आहे. कचेरीसाठी साधी चामड्याची स्पोरन घ्यावी, केसाळ कातड्याची समारंभासाठी ठेवावी, आणि तिला साखळीऐवजी चामड्याचा पट्टा लावावा, कारण साखळी मागच्या निऱ्यांवर घासून कापड झिजवते. माझ्या स्पोरनमध्ये फोन, किल्ल्या आणि पाकीट मावते. टेबलाशी बसताना मात्र ती फिरवून कुशीवर घ्यावी लागते, नाहीतर टेबलाच्या कडेवर आपटत राहते. वर मी साधा सदरा आणि करड्या रंगाचा लोकरी स्वेटर घालतो, पायात जाड करडे मोजे आणि तपकिरी बूट. मोज्यात खोचायचा स्किअन डू हा छोटा सुरा राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून कायद्याला चालतो. तरी तो कामाच्या जागी नेऊ नये, असे मला ठामपणे वाटते. पदराच्या कोपऱ्यातली पिन केवळ बाहेरच्या पदराला टोचायची असते. दोन्ही पदर एकत्र टोचले तर बसताना कापड ताणून फाटते.

सहकाऱ्यांनी पहिल्या आठवड्यात ‘आज कोणाचे लग्न?’ असे विचारले, पुढे विचारणे थांबले. एका ज्येष्ठ स्कॉटिश सहकाऱ्याने मात्र मनापासून शंका मांडली की हा मानाचा पोशाख आहे, तो रोज वापरून त्याची किंमत कमी तर होत नाही? मला उलट वाटते. जाकोबाइटांच्या, म्हणजे पदच्युत स्ट्यूअर्ट राजघराण्याच्या समर्थकांच्या, उठावानंतर १७४६ च्या कायद्याने सैनिक सोडून इतर पुरुषांना हा वेष घालायला बंदी केली; पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद आणि दुसऱ्याला सात वर्षे हद्दपारी अशी शिक्षा होती. १७८२ मध्ये बंदी उठली, आणि १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरास आला तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांच्या पुढाकाराने टार्टनला दरबारी थाट आला. बंदीआधी डोंगराळ मुलखातले लोक हेच वस्त्र लेवून गुरे हाकत आणि शेतीची कामे करत. कामाला जाताना किल्ट घालणे हा त्याचा अपमान कसा होईल? त्या सहकाऱ्यांनाही हे पटले असावे. गेल्या नोव्हेंबरात सेंट अँड्र्यू दिनाच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय दिनाच्या, आठवड्यात ते स्वतः तीन दिवस किल्टमध्ये आले.

आत काय घातले आहे, हा प्रश्नही विचारला जातो, हसत विचारला जातो, आणि तो मला आवडत नाही. स्त्री सहकाऱ्याला जो प्रश्न विचारायचे कोणाच्या मनातही येणार नाही, तो पुरुषालाही विचारू नये. जाळीच्या पायऱ्यांचे लोखंडी जिने असलेल्या इमारतीत आतून नीट कपडे घालूनच वावरावे, एवढे सांगणे पुरे आहे.

देखभाल फारशी कष्टाची नाही. संध्याकाळी घरी आल्यावर किल्ट चिमट्यांच्या हँगरला टांगून वारा लागू द्यावा, मऊ ब्रशने झाडावा आणि डाग पडला तर तेवढाच भाग ओल्या फडक्याने पुसावा. वर्षातून एकदा ड्रायक्लीनिंगला देताना निऱ्या खालपर्यंत कच्च्या दोऱ्याने टाचून द्याव्यात. मी पहिल्या वेळी तसे केले नव्हते आणि पुन्हा प्रत्येक निरी ओल्या फडक्यावरून इस्त्री करून बसवण्यात माझा अख्खा रविवार गेला. उन्हाळ्यात ठेवून देताना कसरीपासून मात्र जपावे लागते.

घरच्यांशी व्हिडिओवर बोलताना आईने मला प्रथम या वेषात पाहिले, तेव्हा ती म्हणाली, “अरे, हे काय नेसलायस?” घातलायस असे म्हणाली नाही. गुंडाळायचे आणि निऱ्यांचे वस्त्र म्हटले की मराठीत क्रियापद आपोआप बदलते. मग तिने कॅमेऱ्याजवळ येऊन निऱ्या दाखवायला सांगितले, बराच वेळ त्या पाहिल्या आणि शिवणाऱ्या बाईंचा हात चांगला आहे, असे सांगितले.

उन्हाळ्यासाठी १३ औंसाच्या दुसऱ्या किल्टची मागणी मी याच बाईंकडे नोंदवली आहे. माप त्यांनी नव्याने घेतले, आणि ते आता ३८ भरले.