पेढी पुढच्या हाती सोपवताना: एका सल्लासेवेचा अनुभव

सांगलीत सनदी लेखापाल म्हणून माझी एकहाती पेढी गेली 34 वर्षे चालू आहे. ती पुढच्या हाती सोपवण्याच्या तयारीसाठी मी गेल्या वर्षी पुण्यातील एका सल्लागाराची सहा महिन्यांची सेवा घेतली, तिच्याविषयी समव्यवसायी मंडळींसाठी हे लिहीत आहे.

पहिल्या बैठकीत त्यांनी मला आठवडाभराची सर्व कामे लिहून काढायला लावली आणि प्रत्येक कामापुढे, उद्या मी नसलो तर ते कोण करील, त्याचे नाव मागितले. विवरणपत्रे, जीएसटी, नोटिशींची उत्तरे यांपुढे माझ्याकडेच आर्टिकलशिप (सीएसाठीची उमेदवारी) करून सीए झालेल्या सहकारी बाईंचे नाव सहज लिहिता आले. ज्या कामांपुढची जागा कोरी राहिली, तीच कामे मी वर्षानुवर्षे विवरणपत्रांची 31 जुलै आणि टॅक्स ऑडिटची 30 सप्टेंबर या मुदतींच्या धबडग्यात मागे ढकलत आलो होतो.

त्यांतले एक सांगतो. मार्केट यार्डातील हळदीच्या एका अडत दुकानात दोघे भाऊ भागीदार आहेत. धाकट्याच्या भांडवलावर व्याज लावायचे नाही, असे वडिलांच्या हयातीत तोंडी ठरले होते आणि ते का ठरले, हे त्या दोघांखेरीज फक्त मला ठाऊक होते. सल्लागारांनी दर बुधवारची सकाळ अशाच गोष्टी लिहून ठेवण्यासाठी राखायला सांगितली; त्या वेळात फोन घ्यायचा नाही, सही करायची नाही. पुढे ते भाऊ आले तेव्हा सहकारी बाईंशी बोलताना सारखे माझ्याकडेच पाहत होते, म्हणून मी उठून शेजारच्या खोलीत जाऊन बसलो. दहा मिनिटांनी थोरल्याचा आवाज मोकळा झालेला भिंतीपलीकडून ऐकू आला.

कायद्याची बाजूही सल्लागारांनी नेमकी मांडली. ऑडिट वारशाने जात नाही. नेमणूक अशिलाच्याच हाती असते आणि नव्या लेखापरीक्षकाने आधीच्याला लेखी कळवावे लागते. एकहाती पेढीचा मालक वारल्यास घरच्यांना तिचे गुडविल, म्हणजे नावलौकिक, दुसऱ्या सनदी लेखापालाला विकता येते, परंतु तो व्यवहार पुरा करून त्याच नावाने काम करण्याची परवानगी मागणे, हे सारे मृत्यूपासून एका वर्षाच्या आत व्हावे लागते. हे माझ्या पत्नीला मी कधी सांगितलेच नव्हते. आता हे सारे लिहिलेला कागद घरच्या कपाटात आहे आणि सहकारी बाईंबरोबरच्या भागीदारीचा मसुदाही तयार आहे.

उणिवा दोन. पेढीच्या मूल्यांकनासाठी दिलेला तक्ता मोठ्या फर्मसाठी बेतलेला होता, त्यामुळे आमच्यासारख्या तीन माणसांच्या कार्यालयाला त्याचा उपयोग झाला नाही. दुसरे असे की, टॅक्स ऑडिटच्या ऐन हंगामात त्यांनी दोन बैठका ठेवल्या आणि विनंती करूनही बदलल्या नाहीत, याचे मला खरोखर वाईट वाटले. सेवा घेणाऱ्यांनी ती नोव्हेंबरात सुरू करावी आणि बैठकांच्या तारखा करारातच लिहून घ्याव्यात.