तपासणी कोणी करावी: खास नर्सने की ड्युटीवरच्या डॉक्टरने?

अमेरिकेत लैंगिक अत्याचारानंतरची तपासणी बऱ्याच ठिकाणी खास प्रशिक्षित नर्स करते. ही पद्धत १९७०च्या दशकात मेम्फिस, मिनियापोलिसकडे रुजली. किमान ४० तासांचं वर्गशिक्षण, वर प्रत्यक्ष सराव. तपासणीभर ती त्या एकाच रुग्णापाशी असते. स्वॅब घेण्याआधी दर वेळी विचारते, ‘नको’ म्हटलं की हात मागे घेते. पुढे कोर्टात साक्षही तीच देते. अडचण एवढीच, की खेड्यापाड्यांत अशी नर्स तासन्‌तास दूर असते.

आपल्याकडे कायद्याने हे काम नोंदणीकृत डॉक्टरचं. जमेची बाजू मोठी आहे: उपचार मोफत, खासगी रुग्णालयातही, आणि २०१४च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार एफआयआर नसला तरी तपासणी नाकारता येत नाही. पण कॅज्युअल्टीत अपघाताचा पेशंट सोडून आलेल्या डॉक्टरकडे निवांतपणा कुठून येणार? ओले कपडे आधी वाळवून कागदी पाकिटात ठेवायचे असतात. घाईत प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबले, तर ओल धरून पुरावा कुजतो.

मला नर्सची पद्धत उजवी वाटते. वॉर्डातल्या सिस्टरना हे रीतसर शिकवलं, तर सही डॉक्टरांची राहूनही अर्धं काम सुधारेल.