सम्पचं पाइपिंग: आधी दुकानवाल्याचं, मग प्लंबरचं

ज्या अ‍ॅक्वेरियमवाल्याकडून टँक घेतला त्याचं नाव लिहीत नाही, माणूस वाईट नाही आणि मासे खरंच चांगले देतो, पण पाइपचं काम त्याच्याकडून करून घेऊ नका. माझं घर फोंड्यात, टँक चार फुटी, रुंदी दीड फूट, उंची दोन, म्हणजे 340 लिटरच्या आसपास. खाली कॅबिनेटमध्ये अडीच बाय एक फुटाचा सम्प, म्हणजे टँकचं पाणी गाळायची खालची टाकी, उंची 16 इंच. टँकच्या कोपऱ्यात ओव्हरफ्लो बॉक्स, म्हणजे वरून सांडणारं पाणी घेणारा कप्पा, आणि त्याच्या तळाला दोन भोकं, एकातून पाणी खाली जाणार (ड्रेन) आणि दुसऱ्यातून पंपाचं पाणी वर येणार (रिटर्न). फिटिंगसकट पॅकेज होतं, म्हटलं चला डोक्याला ताप नको.

पहिल्याच रात्री आई उठून बाथरूममध्ये जाऊन आली, म्हणे फ्लश चालू राहिलाय बघ. फ्लश कसला, ड्रेनचा पाइप होता. पाणी खाली जाताना सोबत हवा ओढतं, पाइप क्षणभर गच्च भरतो, सगळं गटकन ओढून घेतो, मग परत हवा घुसते आणि परत गुडगुड. यावर दोनच मार्ग, एक तर पाइपच्या डोक्याला टोपण लावून बारीक भोक पाडायचं म्हणजे तो नीट श्वास घेतो, त्याला ड्युर्सो म्हणतात, नाहीतर हवा अजिबात शिरू न देता पाइप पूर्ण भरून चालवायचा. दुकानवाल्याने दोन्हीतलं काहीच केलं नव्हतं, उघडा पाइप उभा केला आणि गेला. फोन केला तर म्हणाला सवय होईल.

सवय व्हायच्या आधी जूनचा पाऊस आला आणि लाइट गेली. पंप बंद झाला की रिटर्नच्या पाइपातून टँकचं पाणी उलटं खाली यायला लागतं, आणि दुकानवाल्याने रिटर्नचं तोंड पाण्याच्या तीन इंच खाली ठेवलेलं. टँकचं एक इंच पाणी म्हणजे 14 लिटर, तीन इंच म्हणजे 42. सम्पमध्ये नऊ इंच पाणी आधीच होतं, उरलेल्या सात इंचात मावतात 41. वर ओव्हरफ्लो बॉक्समधलं आणि पाइपातलं पाणी वेगळंच. हे गणित त्याने करायचं होतं, मी केलं ते रात्री दीड वाजता मोबाइलच्या टॉर्चमध्ये पोछा पिळताना. एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने सोडणारा व्हॉल्व) लावलाय, उलटं पाणी येणारच नाही, असं तो छातीठोक सांगत होता, खोलून बघितला तर त्याच्या झडपेत मुगाएवढी गोगलगाय अडकलेली. एनआरव्हीच्या भरवशावर कधी राहू नका.

शिवाय थेंब थेंब गळत होतं ते वेगळंच. त्याने शेतीचा 32 एमएमचा पाइप आणला होता आणि फिटिंग घरगुती प्लंबिंगची एक इंची, ज्याला बाहेरून 33.4 एमएमचा पाइप लागतो. मधली फट सोल्युशन थापून भरलेली. आणि भोकात बसणाऱ्या टँक कनेक्टरचं रबर वॉशर आतल्या कॉलरच्या बाजूला पाहिजे तर ते बाहेर नटाखाली घातलेलं, मग गळणार नाहीतर काय.

शेवटी हार्डवेअरवाल्याने एक प्लंबर पाठवला. सम्पचं काम म्हटल्यावर तो बिचारा अंगणात जमिनीखालची टाकी शोधत फिरला. मग कॅबिनेटपुढे मांडी घालून बसला, टँकमधल्या ऑस्कर माशाकडे बघून विचारलं, हा खातात काय? नाही म्हटल्यावर, चणक (खायचा मासा) असता तर एवढा खर्च समजलो असतो बाब. पण पाण्याची अक्कल अशी की मी हर्बीचं, म्हणजे ड्रेन पूर्ण भरून चालवायच्या दोन पाइपांच्या पद्धतीचं, चित्र मोबाइलवर दाखवलं आणि पाच मिनिटांत म्हणाला, म्हणजे एक पाइप कामाला आणि एक भानगडीला. अगदी तेच!

नवीन भोक पाडलंच नाही. जुनं रिटर्नचं भोक आता इमर्जन्सी ड्रेन झालं, त्याचा पाइप मेन ड्रेनपेक्षा उंच आणि त्यावर व्हॉल्व अजिबात नाही. मेन ड्रेनला व्हॉल्व, तो थोडा बंद करून पाइप कायम भरलेला ठेवायचा, आणि खालचं तोंड सम्पच्या पाण्यात फक्त इंचभर बुडवायचं, जास्त बुडवलं तर लाइट आल्यावर पाइपातली हवा बाहेर पडत नाही. रिटर्न टँकच्या काठावरून घेतला आणि पाण्याच्या लगेच खाली 3 एमएमचं भोक, पंप थांबला की तिथून हवा घुसते आणि ओढ तुटते. पंपाचा प्लग काढून बघितलं, सम्प साडेतीन इंच चढला आणि थांबला. आता भोकात शेवाळ बसतं म्हणून दर रविवारी टूथपिक फिरवतो.

प्लंबरने आधी पितळी गेट व्हॉल्व आणला होता, तो परत पाठवला कारण सम्पमध्ये माझी झिंगी आहेत आणि पितळेत तांबं असतं, ते त्यांना विषारी. पीव्हीसीचा गेट व्हॉल्व फोंड्यात मिळाला नाही म्हणून बॉल व्हॉल्ववर भागवलं, तो नखभर हलवला तरी बॉक्समधलं पाणी दोन इंच वरखाली होतं, दोन दिवस त्यातच गेले. पंपावर 3000 लिटर लिहिलंय, बादली लावून मोजलं तर 20 लिटरला 45 सेकंद, म्हणजे तासाला 1600. एवढी उंची आणि तीन एल्बो म्हटल्यावर तेवढंच मिळणार, मला पुरतं.

सामान 1850, मजुरी 1200. आवाज म्हणाल तर आता पंख्याचाच येतो. प्लंबरला पाचपैकी चार, एक कापला कारण रिटर्नला युनियन (खोलता येणारा जोड) लावायला विसरला, पंप धुवायला काढायचा तर पाइप कापावा लागेल. चवथ (गणेशचतुर्थी) झाली की येतो म्हणाला होता. चवथ होऊन तीन आठवडे झाले, फोन उचलतो, उद्या म्हणतो.