फ्लॉरेन्सचा दुओमो: शाळेची सहल नेणाऱ्यांसाठी

फ्लॉरेन्सला वर्ग घेऊन जायचं आणि हाताशी एकच दिवस असेल, तर तो दिवस दुओमोच्या, म्हणजे तिथल्या कॅथेड्रलच्या, चौकाला द्यावा. उफ्फिझी चित्रसंग्रहालयात एकापाठोपाठ एक चित्रं बघून मुलं तासाभरात दमतात. कॅथेड्रलच्या घुमटाचा जिना चढताना मात्र बांधकाम कसं केलं ते त्यांना भिंतीवरच वाचता येतं, आणि विज्ञानाच्या शिक्षकांना याहून चांगला वर्ग मिळणार नाही.

आधी तिकिटांचं. कॅथेड्रलमध्ये प्रवेश फुकट आहे, घुमटाला तिकीट आहे आणि ते फक्त ब्रुनेल्लेस्की पासवर मिळतं. सध्या मोठ्यांना ३० युरो, ७ ते १४ वर्षांच्या मुलांना १२ युरो. बुक करताना दर पुन्हा पाहून घ्या. इटलीच्या सरकारी संग्रहालयांत १८ वर्षांखालच्यांना मोफत सोडतात, म्हणून इथंही सोडतील असं धरून बजेट मांडू नका. दुओमोचा कारभार वेगळ्या संस्थेकडे आहे, त्यामुळे पंधरा वर्षांच्या नववी-दहावीच्या मुलांना पूर्ण दर पडतो. पास तीन दिवस चालतो, पण घुमटाची वेळ बांधलेली असते. ती हुकली की चढणं गेलं.

वेळ हुकते ती बहुधा चुकीच्या रांगेमुळे. दर्शनी बाजूची लांबलचक रांग कॅथेड्रलची असते. घुमटाचं दार उत्तरेच्या अंगाला आहे, पोर्ता देल्ला मांदोर्ला. मुलांना जमवायला दक्षिणेकडचा ब्रुनेल्लेस्कीचा, म्हणजे घुमट बांधणाऱ्याचा, पुतळा उत्तम. मांडीवर नकाशा घेऊन तो वर आपल्याच घुमटाकडे बघत बसलाय, त्यामुळे कुणालाही सापडतो. तिथून मागच्या बाजूने वळसा घालून दाराशी जा. वाटेत फरसबंदीत संगमरवराची एक गोल चकती दिसेल. वीज पडून शिखरावरचा सोनेरी गोळा कोसळला, तो इथं. १६०२ मध्ये वर आणखी मोठा गोळा बसवला.

चढण्याआधी दुओमोचं संग्रहालय पाहणं मात्र टाळू नका. घुमटाचे लाकडी नमुने आणि बांधकामाची जुनी अवजारं तिथं आहेत, शिल्पकार घिबेर्तीने घडवलेली मूळ सोनेरी दारंही आहेत. शिवाय स्वच्छतागृह इथंच उरकून घ्यायचं, कारण जिन्यात ती सोय नाही. मोठ्या सॅक वर नेऊ देत नाहीत. त्या हॉटेलवरच ठेवा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी संग्रहालय बंद असतं, तो दिवस धरू नका.

पायऱ्या ४६३, लिफ्ट नाही. दमा, चक्कर किंवा बंद जागेची भीती असलेल्या मुलाला एका शिक्षकासोबत खालीच थांबवा. जिना अरुंद आहे, निम्म्यातून माघारी फिरायचं म्हटलं तर सगळी रांग अडते. एक शिक्षक पुढे, एक शेवटी, दर आठ-दहा मुलांमागे एक मधे.

आधी घुमटाच्या आतल्या सज्जावर निघता. समोर चित्रकार वासारीने १५७२ मध्ये सुरू केलेलं आणि झुक्कारीने १५७९ मध्ये संपवलेलं 'अंतिम न्याय' हे भित्तिचित्र. खालून ठिपक्याएवढे दिसणारे राक्षस इथून माणसापेक्षा मोठे निघतात. त्यानंतरचा भाग खरा मोलाचा. घुमट दुहेरी आहे आणि जिना दोन कवचांच्या मधून जातो. भिंत तिरपी होत जाते तसं आपल्यालाही कलावं लागतं. इथं मुलांना विटांकडे बघायला सांगा. आडव्या थरांत ठरावीक अंतरावर उभ्या विटा आहेत, माशाच्या काट्यासारख्या वर चढत गेलेल्या. ओला चुना सुकेपर्यंत नव्या थरातल्या विटा आत घसरू नयेत म्हणून या उभ्या विटा त्यांना धरून ठेवत. त्यामुळेच १४२० ते १४३६ या काळात एवढा घुमट जमिनीपासून लाकडी आधार न उभारता बांधता आला. हे एकदा कळलं की वरचा देखावा दुय्यम वाटतो. चढ-उतार मिळून तास धरा.

शेजारचा जोत्तोचा मनोरा, म्हणजे कॅथेड्रलचा घंटाघर-मनोरा, ४१४ पायऱ्यांचा. मधल्या मजल्यांवर मोकळं थांबता येतं आणि वरून घुमट समोर दिसतो, जो घुमटावरून अर्थातच दिसत नाही. लहान वर्गांना हा बरा. आठवीपासून पुढे घुमटच. एकाच दिवशी दोन्ही करायला लावू नका, मुलांचे पाय बोलायला लागतात.

महाराष्ट्रातून गेलेल्या वर्गाने आणखी एक जागा जरूर पाहावी. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना १८७० मध्ये, ऐन विशीत, याच शहरात वारले. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तिथं १८७४ ची छत्री आणि त्यात त्यांचा अर्धपुतळा आहे. जागा कास्चिने उद्यानाच्या पार पश्चिम टोकाला. टी १ ट्रामच्या कास्चिने थांब्यावर उतरलात तरी पुढे झाडांखालून पाऊण तास चालावं लागतं, तेव्हा घुमटाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जा आणि पाणी सोबत ठेवा.