मरीया की मरियम? डिसेंबरच्या वाचनासाठी कोणती गोष्ट निवडाल

गेल्या वर्षी नाताळाच्या आठवड्यात नागपुरात सदर भागाच्या बाजूला एका वसाहतीत येशूच्या जन्मकथेचं सर्वधर्मीय वाचन झालं. संहिता माझी होती, त्यामुळे दोष दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही. ख्रिस्ती आणि मुसलमान, दोन्हीकडची मंडळी खूश व्हावीत म्हणून मी खिचडी शिजवली होती: बेथलेहेमची गव्हाण, तिच्या शेजारी खजुराचं झाड, मरीयेचा नवरा योसेफ झाड हलवतो, खजूर पडतात, मेंढपाळ येतात. टाळ्या पडल्या. मग चहाच्या वेळी मोहननगरच्या एक आंटी हसत म्हणाल्या, "भाऊ, आमच्या गव्हाणीपाशी खजूर कुठून उगवला जी?" आणि गड्डीगोदामच्या एक आपा हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "झाड मरियमनं स्वतः हलवलं होतं भाऊ. कळा सोसत. तुम्ही ते काम माणसाच्या हाती दिलं."

हे दुसरं वाक्य मला वर्षभर पुरलं. त्यानंतर बायबल आणि कुरआन, दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचले. यंदा तुमच्या शाळेत, वसाहतीत किंवा मंडळात असं काही करायचं घाटत असेल आणि येशूच्या आईची गोष्ट कुठून घ्यावी असा प्रश्न पडला असेल, तर माझ्या चुकीवरून थोडं शिकता येईल.

आधी काय कुठे आहे ते सांगतो. ख्रिस्ती बाजूला बायबलातल्या लूक आणि मत्तय यांच्या शुभवर्तमानांचे पहिले दोन-दोन अध्याय घ्या. जन्माची कथा तिथेच आहे. मार्कमध्ये जन्मकथा नाही. योहानात आई थेट मुलगा मोठा झाल्यावर भेटते. इस्लामी बाजूला कुरआनची 19वी सूरह, म्हणजे अध्याय, जिचं नावच मरियम आहे (98 आयती, म्हणजे वचनं), आणि 3री सूरह आले-इमरान. कुरआनात नावानं उल्लेख झालेली ही एकच स्त्री आहे आणि तिचं नाव 34 वेळा येतं. ईसांचा, म्हणजे येशूंचा, उल्लेखही बहुतेक ठिकाणी 'मरियमपुत्र ईसा' असाच होतो. ज्या समाजात मुलगा बापाच्या नावानं ओळखला जायचा तिथे आईचं नाव लावणं म्हणजे एक विधानच होतं: याला बाप नाही, पण हा देवाचा पुत्रही नाही, हा त्या बाईचा मुलगा आहे.

सुरुवात कुठून करायची यावरच दोन्ही वाटा वेगळ्या होतात. लूकमध्ये मरीया आपल्याला भेटते ती नासरेथात, योसेफाशी वाग्दान झालेली तरुणी म्हणून. तिचे आईवडील कोण, बालपण कसं गेलं, काही नाही. योआकिम आणि अन्ना ही नावं बायबलबाहेरच्या दुसऱ्या शतकातल्या एका लिखाणातून आली. कॅथलिक मंडळी 26 जुलैला त्या दोघांचा सण पाळतात, पण शुभवर्तमानात ती शोधू नका, सापडणार नाहीत.

कुरआन मात्र तिच्या जन्माच्या आधीपासून सुरू करतो. इमरानची बायको पोटातलं मूल देवाला वाहते, मनात अर्थात मुलगा असतो, आणि होते मुलगी. ती देवाला सांगते की मला तर मुलगी झाली. पुढे ती तिचं नाव मरियम ठेवते आणि तिला व तिच्या संततीला सैतानापासून वाचव असं मागते. आपल्याकडे नको असलेल्या मुलीचं नाव 'नकोशी' ठेवल्याचे दाखले फार जुने नाहीत, त्यामुळे हा प्रसंग मराठी श्रोत्यांना समजावून सांगावा लागत नाही. मग मुलीचा सांभाळ कोण करणार यावर लोक लेखण्या टाकून कौल लावतात आणि जबाबदारी नबी (पैगंबर) झकरियांवर येते. ते तिच्या प्रार्थनेच्या खोलीत जातात तेव्हा तिथे दर वेळी अन्न असतं. हे कुठून आलं, असं विचारल्यावर ती म्हणते, अल्लाहकडून.

मुलींच्या शाळेत कार्यक्रम असेल तर माझं मत इथेच ठरतं: आले-इमरानचा हा भाग घ्या. बायबलात याला तोडीस तोड असा मजकूर नाही.

यानंतर देवदूताचा निरोप. हा भाग दोन्हीकडे इतका जवळ आहे की घोटाळा होण्याची भीती इथेच जास्त. दूत येतो, मुलगा होईल म्हणतो, ती विचारते की पुरुषाचा संबंध नसताना हे कसं व्हावं, आणि देवाला काही अशक्य नाही असं उत्तर येतं. पण लूकमध्ये या संवादाचा शेवट तिच्या होकारावर होतो. मी प्रभूची दासी आहे, तुझ्या म्हणण्याप्रमाणे होवो. या एका वाक्यावर ख्रिस्ती परंपरेनं केवढी इमारत उभी केली आहे! सूरह मरियममध्ये ती आधी घाबरते, समोरच्या पुरुषरूपापासून रहमानचा, म्हणजे दयाळू देवाचा, आश्रय मागते आणि शेवटी देवदूत सांगतो की ही गोष्ट ठरलेली आहे. तिथे होकार विचारलाच जात नाही. संहितेत एकीकडचा होकार दुसरीकडे चिकटवला की दोन्हीकडचा अर्थ बिघडतो.

बाळंतपणाचा प्रसंग सर्वात श्रीमंत आहे आणि मी घोळ घातला तोही इथेच.

लूक बाळंतपण एका वाक्यात आटोपतो. नावनोंदणीसाठी दोघं बेथलेहेमला आलेली, दिवस भरले, मुलगा झाला, बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवला, कारण उतारशाळेत जागा नव्हती. कळांबद्दल अवाक्षर नाही. (गंमत म्हणजे गोठासुद्धा मजकुरात नाही, फक्त गव्हाण आहे. गाढव आणि बैल तर नंतरच्या परंपरेनं आणले.) लूकला घाई आहे ती बाहेरच्या मेंढपाळांकडे आणि आकाशातल्या दूतांकडे जायची.

सूरह मरियममध्ये घर नाही, गाव नाही, योसेफ नाही. मरीयेचा हा नवरा योसेफ संपूर्ण कुरआनात कुठेच नाही. पहिल्या बाळंतपणाला आपल्याकडे पोरगी माहेरी जाते, ही कुणाकडेच जाऊ शकत नाही. लांब, निर्जन जागी एकटी. कळा तिला खजुराच्या खोडापाशी आणतात आणि ती म्हणते: याआधीच मेले असते, विसरून गेलेलं काहीतरी झाले असते, तर बरं झालं असतं. धर्मग्रंथात पूज्य स्त्रीच्या तोंडी असं वाक्य येतं आणि ते कुणी पुसत नाही, हे मला फार मोठं वाटतं. तेवढ्यात खालून आवाज येतो. काही भाष्यकार म्हणतात तो देवदूताचा, काही म्हणतात नुकत्याच जन्मलेल्या बाळाचा. दुःख करू नकोस, तुझ्या पायाखाली झरा आहे, खोड आपल्याकडे हलव, ताजे पिकलेले खजूर पडतील, खा, पी, डोळे निवव.

आमच्या आजीनं बाळंतिणीसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवात खारीक असायचीच. यंदाच्या तालमीत हा भाग वाचल्यावर मोहननगरच्या आंटी म्हणाल्या, "म्हणजे देवानंच पथ्याचं दिलं." धर्मशास्त्र म्हणून हे किती टिकेल माहीत नाही, पण खोलीतल्या सगळ्या बायकांना ते एका झटक्यात कळलं.

यानंतर बदनामीचा प्रश्न येतो. लग्नाआधी पोटुशी राहिलेल्या मुलीची बाजू कोण घेणार? मत्तयमध्ये योसेफ तिला गुपचूप सोडून द्यायचं ठरवतो, मग स्वप्नात देवदूत येतो आणि तो तिला घरी आणतो. कुरआनात ती बाळ घेऊन एकटीच लोकांसमोर येते. लोक म्हणतात, हारूनच्या बहिणी, तुझा बाप वाईट नव्हता, तुझी आई बदफैली नव्हती. हा सूर मराठी माणसाला अगदी ओळखीचा आहे, चौकाचौकात असंच बोलतात. त्या दिवशी तिचा मौनाचा उपास असतो. ती फक्त बाळाकडे बोट करते आणि पाळण्यातलं बाळ बोलतं: मी अल्लाहचा बंदा (दास) आहे, त्यानं मला ग्रंथ दिला, नबी केलं, आईशी नीट वागणारा केलं.

म्हणजे एकीकडे तिचा नवरा तिची अब्रू राखतो, दुसरीकडे तिचं मूल. पण बाळाचं पहिलं वाक्य पुन्हा ऐका. 'मी बंदा आहे.' ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्यालाच हे उत्तर आहे. इसवी सन 431 मध्ये इफिससच्या परिषदेनं मरीयेला 'देवाची माता' ही उपाधी मान्य केली ती मुख्यतः मुलासाठी: तो देव, म्हणून ती देवमाता. कुरआन दोघांचं वर्णन करताना साधी गोष्ट सांगतो की ती दोघंही अन्न खात असत. जेवतो तो देव कसा, हा त्यातला मुद्दा. कार्यक्रमात हे वाद काढू नयेत हे खरं, पण 'दोन्ही धर्मांत एकच सांगितलंय' असंही निवेदकाला म्हणू देऊ नका. आमच्या निवेदकानं गेल्या वर्षी तेच म्हटलं होतं, आणि ते त्याला मीच लिहून दिलं होतं.

तिच्या बोलण्याबद्दल एक गोष्ट राहिली. कुरआनातली मरियम बाळंतपणानंतर गप्प आहे. लूकमधली मरीया त्याच्या आधीच, आपल्या नात्यातल्या अलीशिबेच्या घरी, एक आख्खं गीत म्हणते: त्यानं सत्ताधीशांना आसनांवरून खाली ओढलं, दीनांना उचललं, भुकेल्यांना भरवलं, धनवानांना रिकाम्या हातानं परत पाठवलं. दीक्षाभूमीच्या गावात हे मोठ्यानं वाचून पाहा, वेगळी प्रस्तावना लागत नाही. मोठ्या मुलांचा गट असेल आणि तुम्हाला एकच उतारा हवा असेल, तर मी हाच घेईन.

पुढच्या आयुष्याचा भाग फक्त बायबलात आहे. बारा वर्षांच्या मुलाला मंदिरात शोधणारी आई, काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपल्याचं मुलाच्या कानावर घालणारी आई, आणि शेवटी क्रूसापाशी उभी असलेली आई. कुरआनानुसार ईसांना ठार केलं गेलं नाही आणि क्रूसावरही दिलं गेलं नाही, त्यामुळे तिथे ही शोकमाता असण्याचा प्रश्नच येत नाही. शुभ शुक्रवारसाठी संयुक्त वाचन कुणी सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा.

ख्रिस्ती बाजू एकच आहे असंही समजू नका. नागपूरच्या सदर भागातच कॅथलिकांचं सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल आहे आणि प्रॉटेस्टंट परंपरेतल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं ऑल सेंट्स कॅथेड्रलही. कॅथलिक घरात मदर मेरीसमोर मेणबत्ती लागते, माळ जपली जाते. ती आईच्या पोटात आल्या क्षणापासूनच आदिपापापासून मुक्त होती हे 1854 मध्ये आणि सदेह स्वर्गात घेतली गेली हे 1950 मध्ये पोपनं श्रद्धासिद्धांत म्हणून जाहीर केलं. प्रॉटेस्टंट घरात तिच्याबद्दल आदर असतो, पण तिच्याकडे प्रार्थना केली जात नाही. गंमत पाहा, हदीसमध्ये, म्हणजे पैगंबर मुहम्मदांच्या वचनांच्या संग्रहात, असं आहे की जन्मताना प्रत्येक बाळाला सैतान स्पर्श करतो, अपवाद फक्त मरियम आणि तिचा मुलगा. या एका मुद्द्यावर आपा आणि कॅथलिक आंटी एकमेकींच्या जास्त जवळ बसतात, प्रॉटेस्टंट शेजारी जरा लांब. म्हणून व्यासपीठावर मूर्ती ठेवून हार घालायचा विचार असेल तर तो सोडा. मुसलमानांनाच नव्हे, काही ख्रिश्चनांनाही ते चालत नाही.

तसंच नाटकाचं. नबींची भूमिका कुणी करावी हे बहुतेक मुसलमान घरांत पटत नाही, त्यामुळे बोलणारं बाळ म्हणून बाहुली आणू नका. नुसतं ख्रिस्ती नाताळनाट्य करायचं असेल तर लूक मुलांसाठी उत्तम आहे, मेंढपाळ म्हणून कितीही पोरं खपतात. दोन्ही हवं असेल तर वाचनच करा. नावंही ज्याची त्याला: बायबल वाचताना मरीया किंवा मेरी, कुरआनचा अर्थ सांगताना हजरत मरियम. अरबी पठण ठेवणार असाल तर ज्यांचं ते रोजचं आहे अशा कुणाला तरी आधी विचारा. यूट्यूबवरची ध्वनिफीत मध्येच तोडून लावू नका.

आणि कितीही समजावलं तरी समितीला 'दोघांत सारखीच' अशी एकच गोष्ट हवी असेल, तर मरियम सोडा आणि तिच्या आधीचं पान उघडा. लूक आणि सूरह मरियम, दोन्ही सुरू होतात त्याच म्हाताऱ्यापासून. लूकचा जखऱ्या, कुरआनचे झकरिया. केस पिकलेले, बायको वांझ, आणि मुलगा होणार असा निरोप. दोघांचाही विश्वास बसत नाही आणि दोघंही मुके होतात. लूकमध्ये ती अविश्वासाची शिक्षा असते, मूल जन्माला येऊन त्याचं नाव ठेवेपर्यंतची. कुरआनात ती मागून घेतलेली खूण असते, तीन रात्रींची. फरक एवढाच, आणि तो निवेदक एका वाक्यात सांगू शकतो.

यंदा आम्ही हेच घेतलंय. एक उतारा आंटी वाचतात, एक आपा. म्हातारा गप्प होतो तिथे दोघींनी थांबायचं ठरलंय. पहिल्या तालमीत आपा इतक्या थांबल्या की मागून कुणीतरी माइक बंद पडला समजून वायर तपासायला उठलं.